उणे नऊ पॉइंट दोन

गेल्या आषाढातली गोष्ट. सकाळी शारंगधर बालाजीचे दर्शन घेऊन परतत होतो, तर गल्लीच्या तोंडाशीच आमचे शेजारी भेटले. एसटीतून निवृत्त झालेले गृहस्थ. तीस वर्षे गाडी हाकली, त्यातली निम्मी वर्षे मधुमेहासकट. नेहमी ते रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल बोलतात. त्या दिवशी मात्र चेहरा उजळला होता.

‘‘साहेब, आमच्या पोरीनं शुगरवरचं औषध काढलं. कम्प्युटरवर सिद्ध झालं म्हंतात. मंग आता ह्या गोळ्या कायले खाव?’’

मला बँक सोडून बरीच वर्षे झाली, तरी गल्लीत मी अजून ‘साहेब’च आहे. कर्जापासून सोयरिकीपर्यंत सगळ्यावर माझे मत विचारले जाते. हा प्रश्न मात्र नवा होता, आणि अवघडही. हो म्हणावे तर माणसाच्या जिवाशी खेळ. नाही म्हणावे तर पोरीच्या मेहनतीवर पाणी.

संध्याकाळी ती मुलगी स्वतःच घरी आली. जिल्ह्यातल्याच एका महाविद्यालयात ती औषधनिर्माणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. हातात स्पायरल बायंडिंग केलेला प्रकल्प अहवाल. ‘‘काका, मी सिद्ध केलं असं म्हटलंच नाही. बाबाच सगळ्यांना सांगत सुटलेत. तुम्हीच समजावा ना त्यांना.’’ मी म्हटले, आधी मला समजाव.

अहवालात रंगीत चित्रे होती. आपण खातो त्या भाकरीतल्या पिठाची साखर करणारी विकरे आतड्यात असतात. त्यांतल्या एकाचे, अल्फा-ग्लुकोसिडेजचे, ते चित्र: फितीची गुंडाळी करून ठेवावी तसे. त्याच्या खोबणीत हिरव्या काड्यांचा एक सांगाडा अडकवलेला. तो गुडमारच्या पाल्यातल्या एका रेणूचा. खोबणीत असा रेणू बसला की विकराचे काम थंडावते आणि जेवणानंतर रक्तातली साखर एकदम चढत नाही, असा हिशेब. चित्राखाली आकडा: उणे नऊ पॉइंट दोन. तुलनेसाठी बाजारातल्या एका औषधाचाही आकडा होता, उणे साडेसात. येथे जितके उणे तितके चांगले. हे पचायला बँकेतल्या माणसाला थोडा वेळ लागतो.

हे सारे तिने घरी बसून केले होते. प्रणाली फुकट मिळते, विकराची रचना फुकट मिळते, पाल्यातल्या रेणूची आकृतीही फुकट मिळते. खर्च काय तो विजेचा आणि बायंडिंगचा. मला कौतुक वाटले आणि थोडी धास्तीही. कारण आकड्यांच्या जोरावर माणसे काय काय करून बसतात हे मी चांगले पाहिले आहे.

मी १९८२ साली बँकेत लागलो तेव्हा खतावण्या हाताने लिहिल्या जात. सहामाही अखेरीला ताळा जुळेपर्यंत शाखेतला दिवा मालवत नसे. फरक नऊ रुपये, अठरा रुपये, नव्वद पैसे असा नऊने भाग जाणारा आला, की जुने हेडक्लार्क म्हणत, ‘‘कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली आहे, त्रेसष्टचे छत्तीस झालेत, शोधा.’’ आम्ही शोधत असू. दुरुस्ती करायची, पुन्हा बेरीज करायची, पुन्हा फरक बघायचा, तो लहान होत होत शून्यावर येईपर्यंत.

रेणूंचे गणित मुळात असेच चालते, हे कळल्यावर मला त्याची भीती वाटेनाशी झाली. अणूतला इलेक्ट्रॉन कसा वागतो हे सांगणारे समीकरण श्रोडिंगरने १९२६ साली मांडले. ते तंतोतंत सुटते ते एकाच इलेक्ट्रॉनच्या हायड्रोजनसारख्या अणूसाठी. दुसरा इलेक्ट्रॉन आला की पंचाईत: पहिला कुठे असेल ते दुसऱ्यावर अवलंबून, आणि दुसरा कुठे असेल ते पहिल्यावर. दोन भावांच्या समाईक खात्यासारखा प्रकार. केंब्रिजच्या डग्लस हार्ट्रीने १९२८ साली यावर मार्ग काढला. आधी एक अंदाज धरायचा. त्या अंदाजावर प्रत्येक इलेक्ट्रॉनचा हिशेब करायचा. आलेल्या उत्तरावरून अंदाज सुधारायचा आणि पुन्हा हिशेब करायचा. धरलेला आकडा आणि निघालेला आकडा एक झाले की थांबायचे. यंत्रे तेव्हा नव्हतीच. ही कंटाळवाणी आकडेमोड करायला हार्ट्रीच्या मदतीला होते त्याचे निवृत्त वडील, विल्यम हार्ट्री. पेन्शनर बापाने मुलासाठी अणूंच्या खतावण्या लिहाव्यात, हे वाचून मला त्या घराविषयी जिव्हाळा वाटला.

अडचण आकाराची आहे. या पद्धतीत रेणू दुप्पट मोठा घेतला तर ढोबळमानाने काम सोळापट वाढते. दहापट घेतला तर दहा हजारपट. म्हणून कितीही मोठे यंत्र आणा, पाण्यासारख्या रेणूला सहज पुरणारी रीत प्रथिनापाशी येऊन धापा टाकते. येथे महाराष्ट्राचे नाव घ्यावे लागते, आणि ते आपल्या घरोघरी ठाऊक नाही याची मला खंत आहे. पुणे विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात डॉ. श्रीधर गद्रे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९९४ साली एक पद्धत प्रसिद्ध केली. तिचे नावच शिंप्याच्या दुकानातले आहे: मॉलिक्युलर टेलरिंग. मोठा रेणू कापायचा, पण तुकडे एकमेकांवर थोडे चढतील असे. प्रत्येक तुकड्याचा हिशेब वेगळा करायचा. मग तुकडे जोडताना जो भाग दोनदा मोजला गेला तो वजा करायचा.

शिंप्यापेक्षा मला यात मुख्य कार्यालय दिसले. शेकडो शाखांचे ताळेबंद एकत्र करताना एका शाखेने दुसरीला पाठवलेली रक्कम दोन्हीकडे दिसते. ती कापली नाही तर बँक कागदावर उगाच श्रीमंत होते. शाखांतर्गत मेळ घालणारे खाते त्यासाठीच असते, आणि तेथे बदली झालेला अधिकारी सहसा हसताना दिसत नाही. गद्रे यांच्या गटाने तोच मेळ रेणूंसाठी घातला, तोही परदेशी महासंगणक हाताशी नसताना. अमेरिका भारताला मोठे संगणक द्यायला तेव्हा खळखळ करीत होती. त्यातूनच १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला. त्याचे प्रमुख डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे, म्हणजे आमच्या शेजारचेच. अनेक लहान ट्रान्सप्युटर एकत्र जोडून मोठे काम करून घ्यायचे ही त्या यंत्राची कल्पना, आणि रेणूंचे हिशेब तशा यंत्रांवर वाटून कसे द्यायचे याच्या प्रणाली गद्रे यांच्या विद्यार्थ्यांनी लिहिल्या. त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला तो १९९३ सालचा.

तेव्हापासून सरकारने यंत्रांवरचा हात आखडता घेतलेला नाही. २०१५ साली साडेचार हजार कोटी रुपयांचे राष्ट्रीय महासंगणन अभियान मंजूर झाले. पुण्याच्या आयसर संस्थेत ‘परम ब्रह्म’ आला. २०२४ च्या सप्टेंबरात ‘परम रुद्र’ नावाची तीन यंत्रे राष्ट्राला अर्पण झाली. त्यांतले एक पुण्याकडे, खोडदच्या महाकाय दुर्बिणीसाठी. त्याच वर्षी ऑक्टोबरात रसायनशास्त्राचे नोबेल जाहीर झाले, तेही संगणकाचेच. प्रथिनाची घडी नुसत्या त्याच्या घटकांच्या क्रमावरून ओळखणाऱ्या ‘अल्फाफोल्ड’साठी डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर, आणि निसर्गात नसलेली प्रथिने संगणकावर आखल्याबद्दल डेव्हिड बेकर. ‘अल्फाफोल्ड’ने २०२२ सालीच वीस कोटींहून अधिक प्रथिनांच्या रचना जगाला फुकट खुल्या केल्या. पूर्वी एका प्रथिनाची रचना क्ष-किरणांनी उलगडण्यात एखाद्याची पीएच.डी. खर्ची पडत असे.

मग शेजाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ का नाही?

एक म्हणजे, मुलीच्या अहवालातला आकडा हार्ट्री किंवा गद्रे यांच्या रीतीचा नाही. इलेक्ट्रॉन मोजायला ती बसलीच नव्हती. ते तिच्या लॅपटॉपला झेपलेही नसते. ही रीत आहे ‘डॉकिंग’ची, म्हणजे गोदीत जहाज लावावे तसा रेणू खोबणीत लावून पाहायचा आणि काही ठोकताळ्यांवरून गुण द्यायचे. कुलूप-किल्लीची उपमा एमिल फिशरने १८९४ सालीच दिली होती, पण हे कुलूप लोखंडाचे नाही. ते मऊ आहे, सतत थरथरते, आणि पाण्यात बुडालेले आहे. डॉकिंग बहुतेक वेळा ते दगडी धरते आणि पाण्याचा विचार अंदाजाने करते. त्यामुळे गुणांमध्ये दोन-तीन एककांची चूक सहज असते. ऐकायला हे किरकोळ वाटते. परंतु हे एकक असे आहे की साधारण दीडाचा फरक म्हणजे पकड दहापट घट्ट किंवा दहापट सैल. तिच्या आकड्यातली चूक दोन-तीनची असेल, तर औषध शंभरपट कुचकामी असूनही कागदावर उत्तम दिसू शकते. साडेसात आणि नऊ पॉइंट दोनमधले अंतर त्या चुकीच्या पोटात सहज मावते.

दुसरी गोष्ट मला स्वतःला फार ओळखीची वाटली. या पद्धतीत रेणू जितका मोठा तितके गुण चांगले पडण्याकडे कल असतो, कारण मोठा रेणू जास्त ठिकाणी टेकतो. गुडमारचा रेणू चांगलाच मोठा आहे. आमच्याकडेही मोठ्या कर्जदाराचे कागद नेहमी देखणे असत. आकडेच एवढे मोठे की गुण आपोआप पडत. पाच एकरवाल्याच्या अर्जात मात्र आम्ही सतरा खोटी काढायचो.

एका गावी मी शाखाधिकारी होतो. तेथल्या एका जिनिंगला कापसाच्या गाठींच्या तारणावर कर्ज होते. दर महिन्याला साठ्याचे पत्रक येई. गाठी गुणिले भाव, वजा मार्जिन, बरोबर उचल मर्यादा. सगळे जुळायचे. एकदा गोदाम तपासणीला गेलो आणि काय लहर आली कोण जाणे, थप्पीवर चढलो. बाहेरच्या रांगा खऱ्या होत्या. आत पोकळी होती, एखादी खोली असावी तशी. खाली उतरलो तेव्हा कपड्याला कापूस चिकटला होता आणि तोंडाला कोरड पडली होती. पत्रकात बेरजेची एकही चूक नव्हती. चूक माझी होती. आधीचे चार महिने मी थप्पीवर चढलोच नव्हतो. (त्या पोकळीवर मी पुढे एक कादंबरी लिहिली. बँकेला वसुली थोडीच झाली, मला मानधन त्याहून कमी.)

संगणकाने नेमका रस्ता दाखवला, असेही घडलेले आहे. वाचकांना २००९ चा ऑगस्ट आठवत असेल. स्वाइन फ्लूने पुण्यात देशातला पहिला बळी घेतला, शाळा-चित्रपटगृहे बंद झाली आणि ‘टॅमिफ्लू’ हा शब्द मेहकरच्या पानटपरीवरही पोचला. त्या औषधाच्या घराण्याची कथा ऐकण्यासारखी आहे. फ्लूच्या विषाणूवरच्या न्यूरामिनिडेज या विकराची रचना ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी १९८३ साली उलगडली. मार्क फॉन इट्झस्टाइन आणि सहकाऱ्यांनी ‘ग्रिड’ नावाच्या प्रणालीने त्याची खोबण चाचपली. प्रणालीने दाखवले की एका कोपऱ्यात ऋण भार आहे आणि तेथे जागा रिकामी आहे. तेव्हा माहीत असलेल्या एका दुबळ्या रेणूच्या त्याच टोकाला धन भाराचा गट बसवला आणि पकड कमालीची वाढली. हे १९९३ साली प्रसिद्ध झाले. पण त्यानंतर तो रेणू प्रत्यक्ष बनवून, जनावरांवर आणि मग माणसांवर तपासून झानामिवीर हे औषध बाजारात आले ते १९९९ साली. त्याच विकराला लक्ष्य करणारे टॅमिफ्लूही त्याच वर्षीचे. रचनेपासून औषधापर्यंत सोळा वर्षे. आणि एवढे करूनही २०१४ साली सगळ्या चाचण्या पुन्हा तपासल्या तेव्हा निघाले, की टॅमिफ्लूने प्रौढांचे आजारपण एका दिवसाहूनही कमी वेळाने आखडते.

हळदीचे उदाहरण उलट्या बाजूचे आहे. १९९५ साली अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले, सीएसआयआरने लढून १९९७ साली ते रद्द करवले, डॉ. माशेलकर घराघरांत पोचले. आपली हळद आपल्याकडे राहिली याचा आनंद मलाही झाला होता. परंतु हळदीतल्या कर्क्युमिनवरच्या साऱ्या संशोधनाचा आढावा २०१७ साली ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’त आला. तो सांगतो की परीक्षानळीत हा रेणू जवळजवळ सगळ्याच चाचण्यांत ‘उत्तीर्ण’ झाल्याचा आभास निर्माण करतो, शरीरात मात्र टिकत नाही. तरीही २०२० साली करोनाच्या दिवसांत स्वयंपाकघरातल्या डब्यातला एकेक मसाला संगणकावर विषाणूच्या खोबणीत बसवला गेला, आणि ते आकडे व्हॉट्सअॅपवरून आपल्यापर्यंत आले. तो भाबडेपणा होता, पण त्याच्या जोरावर कोणी दवाखाना टाळला असेल, तर त्याचा हिशेब कोठे मांडायचा?

मला दिसते ते दुखणे असे आहे. गणित स्वस्त झाले, पडताळणी स्वस्त झाली नाही. नवी औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालये काढायला परिषदेने २०१९ साली पाच वर्षांची बंदी घातली, न्यायालयांनी ती उठवली, २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केले. त्यानंतर आपल्या भागात ठिकठिकाणी इमारती उभ्या राहिल्या. मुलांना प्रकल्प तर करायचाच असतो. रसायने आणायला पैसे नाहीत, जनावरांवरच्या प्रयोगाला परवानग्या लागतात, उपकरणे कपाटात कुलूपबंद. लॅपटॉप मात्र प्रत्येकाकडे. मग डॉकिंग. दिल्ली-पुण्याच्या महासंगणकांना माझा विरोध नाही. ते हवेतच. पण तालुक्यातल्या प्रयोगशाळेत विकराची एक कुपी ठेवायला चालू स्थितीतला फ्रीज नसेल, तर तेथली पोरे पडद्यावरच थांबणार.

खरे तर या मुलीची चाचणी काही अवघड नव्हती. अल्फा-ग्लुकोसिडेजला एक बिनरंगी पदार्थ देतात. विकराने तो तोडला की द्रावण पिवळे होते. पाल्याच्या अर्काने पिवळेपणा कमी झाला तर त्यात काहीतरी आहे. रंग मोजायला कलरीमीटर पुरतो. त्यातही एक मेख आहे, ती तिनेच मला सांगितली: प्रयोगशाळेत सहसा मिळते ते विकर यीस्टचे असते, माणसाच्या आतड्यातले नव्हे, आणि एकाला थांबवणारा रेणू दुसऱ्याला थांबवेलच असे नाही. एवढे तिला कळते. मार्गदर्शकांनी तिला हा प्रयोग का करू दिला नाही, असे विचारल्यावर ती नुसती हसली.

हे गणित आपल्या मातीत किती कामाचे ठरू शकते याचे एक उदाहरण मी तिला दाखवले. २०२५ च्या जानेवारीत ‘नेचर’मध्ये बेकर यांच्या गटाचा एक शोधनिबंध आला. नागाच्या विषात त्रिअंगुली नावाची लहान विषारी प्रथिने असतात. त्यांना मिठी मारून निष्प्रभ करणारी नवी प्रथिने त्यांनी संगणकावर आखली, प्रत्यक्ष बनवली आणि उंदरांवर तपासली. प्राणघातक मात्रा दिलेले बहुतेक उंदीर वाचले. आजचे प्रतिसर्पविष घोड्यांना थोडे थोडे विष टोचून त्यांच्या रक्तातून काढतात. मुंबईच्या हाफकिनचे नाव त्यासाठी आपल्या पिढ्यांना ठाऊक आहे. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत आमच्याकडच्या कोणत्याही शेतमजूर बाईला विचारा, तिला यात रस वाटेल. अर्थात उंदरांपासून त्या बाईपर्यंतचा रस्ता अजून लांब आहे. शिवाय घोणस आणि फुरसे यांचे विष मुळातच वेगळ्या जातीचे असते, त्याला हे औषध नाही. पण त्या निबंधात गणितानंतर उंदीर आहेत, आणि ते किती जगले हे लिहिले आहे.

शेजाऱ्यांशी मी बोललो तो दुसऱ्या दिवशी, ओट्यावर बसून. रेणू, खोबण, एकके यांतले काही सांगितले नाही. त्यांची गोळी मेटफॉर्मिनची. म्हटले, ही गोळीही झाडपाल्याच्याच वंशातली आहे. युरोपात गॅलेगा नावाचे एक झाड मधुमेहाच्या लक्षणांवर देत. त्यातल्या द्रव्याच्या धाग्यावरून हा रेणू १९२२ साली प्रथम बनवला गेला, आणि झाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरने माणसांवरचे निष्कर्ष छापले ते १९५७ साली. अमेरिकेने तर १९९४ अखेरपर्यंत परवानगी दिली नव्हती. पाला चांगला असेलही, पण तो अजून १९२२ मध्येच आहे आणि तुमची गोळी पुढे निघून आली आहे.

ते बराच वेळ गप्प होते. मग हळूच म्हणाले, ‘‘साहेब, खरं सांगू? म्या बारा दिवसांपासून गोळी घेतलीच नाही. पोरीले सांगू नका.’’

पोरीला सांगावेच लागले. उपाशीपोटीची साखर दोनशे अठ्ठ्याऐंशी निघाली. डॉक्टरांनी काय सुनावले ते मी लिहीत नाही. तिने त्या रात्री अहवाल उघडला आणि शेवटच्या पानावर एक वाक्य घातले, की हे केवळ गणित आहे, प्रत्यक्ष चाचणी झालेली नाही. अहवाल सादर झाला तेव्हा ते वाक्य राहिले की गाळले गेले, मी विचारलेले नाही.

गोळी पुन्हा सुरू झाली. पाला मात्र त्यांनी सोडलेला नाही, सकाळी दोन पाने चघळतातच. गुडमारने जिभेची गोडी काही वेळ मरते, हे संगणकाशिवायही आपल्याकडे जुन्या लोकांना माहीत होते. परवा चहाला आले होते. बायकोने सवयीने कपात अर्धा चमचा साखर घातली होती, ती लक्षात येऊन ती घाबरली. त्यांनी घोट घेतला आणि तोंड वाकडे केले.

‘‘वहिनी, चहा मातीवानी लागते.’’